आधारचा फोटो कशाला हवा?

अलिबागला दोन रात्रींसाठी बंगला ठरवा, जुना सोफा विकायला अॅपवर टाका, गावच्या पतसंस्थेची वेबसाइट उभी करायला सर्व्हरवर जागा भाड्याने घ्या, नाहीतर मुलीचे नाव विवाह-संकेतस्थळावर नोंदवा. काम कोणतेही असो, तिसऱ्या-चौथ्या पायरीवर तीच सूचना येते. आधार किंवा पॅनच्या दोन्ही बाजूंचा फोटो अपलोड करा. कार्ड हातात धरून सेल्फी काढा. डोळे मिचकवा, मान डावीकडे वळवा. हे सगळे कशासाठी, असे कोणी विचारलेच तर उत्तर तयार असते: 'कर नाही त्याला डर कशाला?'

असे म्हणणारे सगळे कंपन्यांचे पगारी लोक नसतात. आपल्याच घरातली, सोसायटीतली शहाणीसुरती माणसेही असे म्हणतात, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवे. त्यांचे म्हणणे साधारण असे असते. ऑनलाइन फसवणूक बोकाळली आहे. समोरचा कोण आहे हे कळले तर ती आटोक्यात येईल. बँकेला आणि मोबाइल कंपनीला आपण कागदपत्रे देतोच, मग यांना दिली म्हणून काय बिघडले? आणि ग्राहकाने स्वतःच 'सहमत आहे'वर बोट ठेवलेले असताना तक्रार कसली? यातले पहिले वाक्य खरे आहे. बाकीची तपासणीला टिकत नाहीत, आणि पहिल्याच्या खरेपणावर त्यांचा निभाव लागू देऊ नये.

पडताळणी करायची तर दोनच मार्ग आहेत. कागद ज्याने दिला त्याला विचारायचे, किंवा त्याने कागदावर सोडलेली अशी खूण तपासायची जी दुसऱ्या कोणाला उमटवता येत नाही. आधारवर अशी खूण आहे. कार्डावरच्या क्यूआर कोडमध्ये नाव-पत्त्यासोबत आधार प्राधिकरणाची डिजिटल सही असते. प्राधिकरणाच्या अॅपने तो वाचला की मजकूर अस्सल आहे की कोणी त्यात ढवळाढवळ केली आहे, हे काही सेकंदांत कळते. आता मला सांगा, फोटो मागणाऱ्या कंपन्यांपैकी कितींनी तुम्हाला 'क्यूआर कोड स्पष्ट दिसू द्या' असे बजावले? कोडावर अंगठा आलेला फोटोही स्वीकारला जातो आणि नावापुढे हिरवी खूण उमटते, हे मी स्वतः पाहिले आहे. त्या हिरव्या खुणेला एवढाच अर्थ उरतो की कार्डासारखे दिसणारे एक चित्र कोणीतरी पाठवले.

आणि चित्र काढणे आता फार स्वस्त झाले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ४०४ मीडिया या अमेरिकी वृत्तसंस्थेने 'ओन्लीफेक' नावाच्या सेवेची बातमी दिली. पंधरा डॉलरला ती ओळखपत्राचा बनावट फोटो तयार करून देत होती. कार्ड चादरीवर ठेवून घाईघाईत काढल्यासारखा फोटो, अगदी चादरीच्या पोतासकट. वार्ताहराने असा फोटो वापरून एका क्रिप्टो बाजाराची तपासणी पार करून दाखवली. मार्च २०२५ च्या अखेरीस चॅटजीपीटीची नवी चित्रसुविधा आली तेव्हा आपल्याकडच्या लोकांनी गंमत म्हणून त्यातून आधार आणि पॅन कार्डे काढून समाजमाध्यमांवर टाकली. गंमत म्हणून जे मिनिटभरात होते ते धंदा म्हणून करणाऱ्याला अवघड जाईल, असे मानायला काही कारण नाही.

सेल्फीचे तरी काय? जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये ऑनलाइन सुरक्षा कायद्याखाली वयाची तपासणी सक्तीची झाली. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपने चेहरा दाखवण्याची सोय ठेवली, कॅमेऱ्यासमोर तोंड उघडायला-मिटायला सांगितले. पोरांनी काय केले, तर 'डेथ स्ट्रँडिंग' या व्हिडिओ गेममधल्या नायकाचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरला. त्या खेळात नायकाचे हावभाव बदलण्याची सोय आहे, त्यामुळे तोंडही उघडले आणि यंत्राने त्याला सज्ञान ठरवले. इथवर हसायला हरकत नाही. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच डिस्कॉर्डने जाहीर केले की ग्राहकसेवेचे काम पाहणाऱ्या बाहेरच्या कंपनीमार्फत चोरी झाली आहे आणि सुमारे ७०,००० जणांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघडे पडले असावेत. हे ७०,००० कोण होते? ज्यांचे वय चुकीचे ठरवले गेले म्हणून ज्यांनी रीतसर दाद मागितली, खरे ओळखपत्र पाठवले, ते. गेममधल्या नायकाचे काही बिघडले नाही.

या एका वर्षाच्या, एका कंपनीच्या हकिकतीत मला सगळा प्रश्न दिसतो. फोटो मागण्याची ही रीत लबाडाला अडवत नाही आणि सरळ माणसाची कागदपत्रे एका जागी गोळा करते. पुढे ती कागदपत्रे ज्याच्या हाती लागतात त्याला नवी लबाडी करायला आयता माल मिळतो. म्हणजे फसवणूक रोखण्यासाठी म्हणून जे मागितले जाते त्यातूनच फसवणूक पोसली जाते.

'ओळख कळली की फसवणूक आटोक्यात येईल' हा दुसरा मुद्दा. हा प्रयोग आपल्या देशात आधीच झाला आहे, आणि तोही लहानसहान नव्हे. सिमकार्डासाठी कागदपत्रे लागतात. बँक खात्यासाठी आधार, पॅन, कधी व्हिडिओ कॉलवर चेहरा लागतो. तरीही 'डिजिटल अरेस्ट'ने निवृत्त शिक्षकांची, डॉक्टरांची आयुष्यभराची पुंजी धुऊन नेली. प्रकरण इतके वाढले की ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांना 'मन की बात'मध्ये त्यावर बोलावे लागले. यातला रुपया जातो तो केवायसी झालेल्या खात्यात. ते खाते असते एखाद्या विद्यार्थ्याच्या, मजुराच्या नावावर, कधी थोड्या पैशांच्या बदल्यात त्याने भाड्याने दिलेले, तर कधी त्याला पत्ताही न लागता उघडलेले. रिझर्व्ह बँकेला अशी खाती हुडकायला 'म्यूलहंटर' नावाची वेगळी यंत्रणा उभारावी लागली. सिमकार्डांचेही तेच. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय दूरसंचारमंत्र्यांनी सांगितले होते की बनावट पद्धतीने घेतलेल्या ५२ लाख मोबाइल जोडण्या बंद केल्या आणि ६७,००० विक्रेत्यांना काळ्या यादीत टाकले. त्या प्रत्येक जोडणीमागे कोणाचे ना कोणाचे ओळखपत्र 'तपासलेले' होते!

मग ही दुसऱ्यांची ओळखपत्रे येतात कुठून? झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर राहून गेलेल्या फाइलींतून येतात, व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोंतून येतात आणि आपण 'व्हेरिफिकेशन'साठी चढवलेल्या फोटोंच्या साठ्यांतूनही येतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये अनेकांना अचानक कळले की 'धनी' या कर्जाच्या अॅपवर त्यांच्या पॅनवर कर्ज दिसते आहे. त्यांनी ते कधी घेतलेच नव्हते. यात पत्रकार होते, एक नामवंत अभिनेत्री होती, म्हणून निदान बोंब तरी झाली. इचलकरंजीच्या मागावर काम करणाऱ्याला हे कळते ते गृहकर्जाचा अर्ज फेटाळला जातो तेव्हा. त्याने करही चुकवलेला नसतो आणि काही केलेलेही नसते. पण डर त्यालाच असते, कारण क्रेडिट स्कोअर त्याचा पडलेला असतो आणि ते कर्ज आपले नाही हे सिद्ध करायला खेपा त्यालाच घालाव्या लागतात.

बँकेला देता, मग आम्हाला का नाही? हा मुद्दा सर्वांत सोपा, पण तोच सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो. बँकेवर मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याने ग्राहक ओळखण्याचे बंधन घातले आहे, तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख आहे, चुकले तर दंड आहे आणि दाद मागायला लोकपाल आहे. बंगले भाड्याने देणाऱ्या अॅपवर यातले काय आहे? आधारच्या बाबतीत तर हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात जाऊन आला आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने आधार योजना चार विरुद्ध एक अशा बहुमताने राखली, पण खासगी कंपन्यांना करारावर आधार वापरायची मुभा देणारी कलम ५७ मधली तरतूद उडवून लावली. त्यानंतर २०१९ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि ग्राहकाने स्वखुशीने ऑफलाइन पडताळणी करून घेण्याची वाट ठेवली. या दुरुस्तीने आलेले कलम ८-अ फोटो मागणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकाने एकदा वाचावे. ऑफलाइन पडताळणी करणाऱ्या संस्थेने कोणाचाही आधार क्रमांक गोळा करू नये, वापरू नये, साठवू नये, असे ते स्वच्छ सांगते. आणि हे लोक काय मागतात? बाराच्या बारा आकडे दिसणारा फोटो.

कायदा एवढा स्पष्ट असताना सगळे बिनधास्त का, याचे उत्तर मे २०२२ च्या एका प्रसंगात आहे. कोणीतरी आधार कार्डात फोटोशॉपने बदल करून गैरवापर करू पाहिला होता. त्या निमित्ताने प्राधिकरणाच्या बंगळुरू विभागीय कार्यालयाने २७ मे रोजी एक पत्रक काढले. आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, त्याऐवजी फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारे 'मास्क्ड आधार' द्या. परवाना नसलेल्या हॉटेलांना, चित्रपटगृहांना आधारच्या प्रती घेण्याचा किंवा ठेवण्याचा अधिकार नाही, असे त्यात सांगितले होते. सल्ला शंभर टक्के बरोबर होता. पण तोवर देशातल्या प्रत्येक लॉजच्या काउंटरमागे प्रतींचे गठ्ठे पडलेले होते, त्यामुळे एकच गोंधळ उडाला. दोनच दिवसांत, २९ मे रोजी केंद्र सरकारने ते पत्रक मागे घेतले. लोकांचा गैरसमज होऊ शकतो, हे कारण दिले. नागरिकांनी आधार वापरताना नेहमीची काळजी घ्यावी, एवढेच म्हणणे शिल्लक राहिले. ही नेहमीची काळजी म्हणजे नक्की काय, हे कोणी सांगितले नाही. पणजीच्या हॉटेलच्या काउंटरवर रात्री अकरा वाजता, कडेवर झोपलेले पोर घेऊन, 'मास्क्ड आधार चालेल का?' असे विचारून पाहावे. समोरचा बिचारा रिसेप्शनिस्ट तुमच्याकडे संशयाने बघतो आणि म्हणतो, 'साहेब, मालक ओरिजिनलचाच फोटो मागतात.'

सरकारनेच कच खाल्ली तर कंपन्या कशाला थांबतील? शिवाय सरकार स्वतःही या खेळात आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने व्हीपीएन आणि आभासी सर्व्हर पुरवणाऱ्यांना ग्राहकांची तपासलेली नावे-पत्ते पाच वर्षे जपून ठेवायला सांगितले. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. ज्याला लपायचेच होते त्याला परदेशातला सर्व्हर मिळाला. राहिला तो गावच्या पतसंस्थेची वेबसाइट करून देणारा आपला मुलगा, आता त्याने पॅनचा फोटो पाठवायचा.

'आमचा सर्व्हर सुरक्षित आहे' या वाक्यावर मी वेळ घालवणार नव्हतो, पण 'टी' या अमेरिकी अॅपची गोष्ट सांगायलाच हवी. ज्या पुरुषाला भेटायला जायचे त्याच्याविषयी आधी इतर बायकांना विचारता यावे, म्हणून बायकांसाठी काढलेले हे अॅप. पुरुष घुसू नयेत म्हणून सेल्फी आणि ओळखपत्र मागत. हेतू वाईट म्हणता येणार नाही. तपासणी होताच फोटो काढून टाकू, असे आश्वासनही दिलेले होते. जुलै २०२५ मध्ये जुन्या साठवणीतली सुमारे ७२,००० चित्रे बाहेर आली. त्यांतली १३,००० सेल्फी आणि ओळखपत्रांची होती. सुरक्षिततेच्या नावाखाली बायकांचे चेहरे आणि पत्ते नेमके त्यांच्यावर डूख धरणाऱ्यांच्या हाती पडले. आपल्याकडे २०२४ मध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती टेलिग्रामवरच्या बॉटमधून मिळू लागली. रॉयटर्सने ती उतरवून पाहिली तर त्यात आजारपणाचे तपशील होते, तसे ओळखपत्रांच्या प्रतीही होत्या. आणि विमा कंपनीवर नियामक तरी असतो.

ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये ऑप्टस या दूरसंचार कंपनीकडून लाखो लोकांचे पासपोर्ट आणि वाहन परवान्यांचे क्रमांक गेले, तेव्हा लोकांना नवे परवाने, नवे पासपोर्ट काढून घेता आले. खर्चावरून सरकार आणि कंपनी यांच्यात जुंपली, पण क्रमांक बदलले. आधार क्रमांक जन्माला चिकटलेला आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहऱ्याचे काय करणार?

दक्षिण कोरियाचा अनुभव आपल्या धोरणकर्त्यांनी पाठ करावा असा आहे. तिथे २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर काही लिहायचे तर आधी खरी ओळख पटवणे कायद्याने बंधनकारक झाले. कारण अगदी आजचेच होते: शिवीगाळ, बदनामी, खोट्या अफवा. तिथल्या प्रत्येक नागरिकाला तेरा आकडी नोंदणी क्रमांक असतो, तो द्यावा लागे. २००९ मध्ये यूट्यूबने ही अट पाळण्यापेक्षा कोरियन आवृत्तीतली व्हिडिओ चढवण्याची आणि प्रतिक्रियांची सोयच बंद केली. मग जुलै २०११ मध्ये सायवर्ल्ड आणि नेट या दोन लोकप्रिय स्थळांवर दरोडा पडला आणि साडेतीन कोटी खात्यांची माहिती गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास! ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने एकमताने हा कायदा रद्द केला. बेकायदा मजकूर लक्षणीय घटल्याचे दिसत नाही, लोक परदेशी स्थळांकडे वळले, आणि माहिती फुटण्याचा धोका मात्र वाढला, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पाच वर्षे, एक अख्खा देश, आणि निष्पन्न हे. आपल्याकडे 'समाजमाध्यमांवर आधार सक्तीचा करा' अशी मागणी दर सहा महिन्यांनी कोणीतरी करतोच. त्याने सोलकडे नको, पण निदान इतिहासाकडे बघावे.

आता संमती. ओळखपत्र केव्हा मागितले जाते ते पाहा. अनेकदा पैसे घेताना कोणी तुमची ओळख विचारत नाही. यूपीआय चालते, कार्ड चालते, कोणाचेही चालते. परतावा मागितला, विकलेल्या मालाचे पैसे खात्यात वळवायला सांगितले, सहा वर्षांचे फोटो असलेले खाते पुन्हा उघडून द्या म्हटले, की मग 'आपल्या सुरक्षिततेसाठी ओळखपत्र पाठवा'. एका कंपनीने माझे अकराशे रुपये असेच अडवून धरले होते. ज्या कार्डातून पैसे घेतले त्याच कार्डात परत करायचे होते. त्यात माझा चेहरा कुठे येतो, हे मला त्यांच्या चॅटवरच्या बाईंनी काही शेवटपर्यंत सांगितले नाही. सांगू शकल्याही नसत्या, कारण पटकथेबाहेरचे उत्तर द्यायची त्यांना मुभा नव्हती. ग्राहकाचा माल आपल्या ताब्यात ठेवून मग त्याला 'सहमत आहात का?' असे विचारणे याला संमती म्हणत असतील, तर वसुली कशाला म्हणायचे?

नेदरलँड्समध्ये याच खोडीबद्दल एका बड्या माध्यमसमूहाला दंड झाला. डीपीजी मीडियाकडे कोणी 'माझी माहिती दाखवा' किंवा 'माझी माहिती पुसून टाका' असा अर्ज केला की आधी ओळखपत्राची प्रत मागत. म्हणजे आपली माहिती काढून घ्यायची तर आधी तिच्याहून नाजूक माहिती हवाली करायची. तिथल्या नियामकाने २०२२ मध्ये ५,२५,००० युरोंचा दंड ठोठावला. त्याच देशात सरकारनेच 'कोपीआयडी' नावाचे मोफत अॅप दिले आहे. ओळखपत्राच्या फोटोवरचा नागरिक क्रमांक त्यात खोडता येतो आणि प्रत कोणासाठी, कशासाठी आहे, हे तिच्यावर आडवे लिहिता येते. आपल्याकडे झेरॉक्सवर तिरकी रेघ मारून 'फक्त अमुक कामासाठी' असे लिहिणारे जुन्या वळणाचे निवृत्त कारकून अजून भेटतात. मी त्यांना हसत नाही.

भारतातही २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा याच दिशेने जातो. ग्राहकाने होकार दिला तरी तो सांगितलेल्या कामाला जेवढी माहिती गरजेची आहे तेवढ्यापुरताच मानायचा, असे हा कायदा म्हणतो. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे: डॉक्टरी सल्ल्याच्या अॅपने फोनमधली संपर्कयादी मागितली आणि ग्राहकाने 'हो' म्हटले, तरी त्या यादीपुरता होकार गृहीत धरायचा नाही, कारण सल्ला द्यायला ती लागत नाही. सोफा विकायला माझा आधार क्रमांक लागतो का, हा प्रश्न या उदाहरणाशेजारी ठेवून पाहावा.

एका गोष्टीकडे या चर्चेत जवळपास कोणाचेच लक्ष जात नाही. ओळखपत्रावरचे नाव आणि माणसाचे नाव यांचा मेळ बसेलच असे नसते, आणि न बसल्याची शिक्षा ठरावीक लोकांनाच होते. महाराष्ट्रातल्या बाईच्या पॅनवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पदवीवर तिसरे. यंत्र म्हणते, 'नाव जुळत नाही.' आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा राज्य सरकारचा नियम आहे. नियम स्तुत्य आहे, पण परदेशी अॅपच्या 'फर्स्ट नेम' आणि 'लास्ट नेम' या दोन खोक्यांत ही चार नावे कशी कोंबायची, हा प्रश्न त्या मुलांना आयुष्यभर पुरेल. कागदावर एक लिंग आणि आयुष्यात दुसरे असलेल्या माणसाचे हाल तर विचारूच नका. २०१४ मध्ये फेसबुकने खऱ्या नावाचा आग्रह धरून सॅन फ्रान्सिस्कोतल्या ड्रॅग कलाकारांची खाती बंद केली, आणि ऑक्टोबरात कंपनीच्या वरिष्ठांना माफी मागावी लागली. अमेरिकेतल्या मूळनिवासींची नावेही फेसबुकला खोटी वाटली होती. ज्याच्याकडे सगळे कागद एका नावाने, एका स्पेलिंगने आहेत, त्यालाच 'कर नाही त्याला डर कशाला' म्हणणे परवडते.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. घराची एक खोली अनोळखी माणसाला देणारी रत्नागिरीची बाई, रात्री साडेअकराला रिक्षा-टॅक्सीत बसणारी मुलगी, विवाह-संकेतस्थळावरून आलेल्या मुलाला भेटायला जाणारी तरुणी, यांना समोरचा कोण आहे हे कळायला हवे. पण यांच्यापैकी कोणालाही समोरच्याचा आधार क्रमांक नको असतो. विवाह-संकेतस्थळावरच्या मुलीला एवढेच हवे असते की हा तोच माणूस आहे, वय खरे आहे, आणि काही झाले तर पोलिसांना सापडेल. एवढे उत्तर साठा न करता देता येते. मास्क्ड आधार आहे. सोळा आकडी आभासी क्रमांक २०१८ पासून आहे. सही असलेला क्यूआर कोड आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्राधिकरणाने आणलेल्या नव्या अॅपमध्ये फक्त हवा तेवढा तपशील दाखवायची सोय आहे, जन्मतारीख न सांगता नुसते 'अठरा पूर्ण' असेही सांगता येते. इतके सगळे हाताशी असताना एखादी कंपनी पूर्ण कार्डाचा फोटो मागते, तेव्हा तिला ग्राहकाच्या सुरक्षिततेची फिकीर आहे हे मी मान्य करणार नाही. फोटो मागणे तिला स्वस्त पडते. क्यूआर तपासायला प्रणाली बांधावी लागते, माणूस नेमावा लागतो. फोटो साठवायला फक्त जागा लागते, आणि फुटला तर नुकसान दुसऱ्याचे होते.

हे नुकसान कंपनीच्या खात्यात टाकणे हाच यावरचा उपाय. नव्या कायद्यात माहितीची नीट राखण न करणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू व्हायची आहेत. तोवर सवलतीचा काळ आहे आणि या काळात साठे वाढतच राहणार. म्हणून ग्राहकांनी, ग्राहक पंचायतींनी आणि जमेल त्या वकिलांनी आत्ताच प्रत्येक कंपनीला लेखी विचारायला सुरुवात करावी: माझ्या कार्डाचा फोटो कोणत्या कलमाखाली घेतला, क्यूआर तपासला का, फोटो आज कुठे आहे, कोणत्या बाहेरच्या कंपनीच्या हाती आहे, आणि कधी पुसणार? बहुतेकांकडून 'आम्ही तपासणीनंतर फोटो लगेच डिलीट करतो' असे छापील उत्तर येईल. 'टी'नेही तेच सांगितले होते. तेव्हा पुसल्याची तारीख आणि पुरावा मागावा, आणि तो मिळेपर्यंत पुढचा फोटो देऊ नये.